करणी कोणाची?

नववीच्या गणिताच्या पुस्तकात आहे, भगताच्या तोंडी आहे आणि राज्याच्या कायद्यातही आहे, असा मराठीत एक शब्द आहे: करणी. तिन्ही ठिकाणी तो बुद्धीच्या सरळ हिशेबात न बसणाऱ्या गोष्टीला लावलेला आहे. पण तिन्ही ठिकाणची माणसं एकमेकांकडे बघत नसल्यामुळे हा योगायोग कोणाच्या लक्षात येत नाही.

आधी पुस्तक बघू. २ चं वर्गमूळ दोन पूर्णांकांच्या भागाकारात मांडता येत नाही, म्हणून ती अपरिमेय संख्या. मूळचिन्हाखाली अडकलेल्या अशा संख्येला मराठी माध्यमाची मुलं ‘करणी’ म्हणतात. करणीची कोटी, सजातीय करणी, छेदातली करणी घालवण्यासाठी अनुबद्ध जोडीने गुणणं, हे सगळं परीक्षेला असतं. हीच मुलं घरी आल्यावर शेजारच्या काकूंकडून ऐकतात, की अमक्याच्या सुनेवर कोणीतरी करणी केली आहे. छेदातली करणी गुणाकाराने जाते, सुनेवरची उताऱ्याने. वर्गात यावर हशा पिकतो, मास्तर दटावतात आणि पुढचं उदाहरण घेतात. मास्तरांनी थोडं थांबायला हवं होतं असं मला वाटतं, कारण हे दोन शब्द नुसते सारखे ऐकू येणारे नाहीत. दोन्ही एकाच धातूचे आहेत: कृ, म्हणजे करणं.

आणखी एक करणी यांच्याहून घरगुती आहे. ‘देवाची करणी आणि नारळात पाणी’. ही म्हण मुंबईतल्या मढच्या किनाऱ्यावर ऐकावी. श्रावणातल्या पौर्णिमेला कोळीवाड्यातून सोन्याचा नारळ वाजतगाजत दर्याकडे निघतो (सोन्याचा म्हणजे सोनेरी कागदात गुंडाळलेला), आणि पावसाळ्यात ओढून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात लोटण्याआधी तो दर्याला दिला जातो. बाहेर खारं पाणी, आत गोड पाणी, आणि मध्ये एवढी जाड करवंटी. आता आपल्याला माहीत आहे, की ते पाणी म्हणजे कोवळ्या फळातलं द्रवरूप पोषणद्रव्य. त्यात पेशींची केंद्रकं भिंतींविना विभागत राहतात आणि पुढे त्याच द्रवातून करवंटीला आतून खोबऱ्याचा थर धरतो. हे कळलं म्हणून म्हण मेली नाही. या म्हणीतली करणी निरुपद्रवी आहे. तिच्यात कोणावर आरोप नाही, फक्त कौतुक आहे.

‘करणी’चा मूळ अर्थ इतकाच होता: केलेली गोष्ट, कृती. ‘जशी करणी तशी भरणी’ किंवा ‘करणी कसायाची, बोलणी मानभावाची’ या म्हणींत जादूटोण्याचा मागमूस नाही. मुंबईत बांधकामावर येणारा हिंदी मुलखातला गवंडी तर आपल्या थापीलाच करनी म्हणतो. मग नुसत्या ‘केलेल्या गोष्टी’ला काळा रंग कधी चढला?

तर फार पूर्वीच. अथर्ववेदात शत्रूने पाठवलेल्या अभिचाराला ‘कृत्या’ म्हणतात. शब्द पुन्हा कृ धातूचाच, म्हणजे ‘केलेली’. ती बाहुलीसारखी घडवून पाठवलेली असते आणि सूक्त म्हणणारा तिला पाठवणाऱ्याकडे परत धाडतो. तंत्रग्रंथांतली षट्कर्मं म्हणजे शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन आणि मारण. तिथेही शब्द ‘कर्म’. हिंदीत ‘किया-कराया’. मराठीने तर त्याही पुढे जाऊन नाम गाळलं आणि नुसतं क्रियापद ठेवलं. ‘तिच्यावर कोणीतरी केलंय’ एवढं म्हटलं, की काय केलंय हे कोणी विचारत नाही. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य अपुरं आहे, सकर्मक क्रियापदाला कर्मच नाही. पण गावात ते पुरं समजतं. याच जातीचा दुसरा शब्द ‘बाहेरचं’. ‘डॉक्टरचं झालं, आता जरा बाहेरचं बघा.’ कशाच्या बाहेरचं, हे सांगायची गरज नाही. भीतीच्या गोष्टीचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून भाषा सर्वनामांवर आणि अर्ध्या वाक्यांवर भागवते. ‘बाधा’चं मात्र उलटं झालं. भूतबाधेतला हा शब्द विषबाधेत गेला आणि करोनाच्या साथीत सरकारी पत्रकांत ‘बाधित’ होऊन रोज छापून आला. भुताकडून तो सुटला आणि विषाणूला लागला.

‘केलेलं’ म्हणून जादूटोण्याला नाव देणं हा केवळ आपल्याकडचा प्रकार म्हणावा, तर मढच्या टोकावरचा किल्ला आडवा येतो. वेसाव्याहून तरीने खाडी ओलांडली की समोर दिसतो तो. बांधला पोर्तुगिजांनी, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला, आता हवाई दलाच्या ताब्यात आहे. साष्टी बेटावर दोनशे वर्षं राज्य केलेल्या त्या पोर्तुगिजांच्या भाषेत जादूटोण्याला ‘फेइतिसू’ म्हणतात. मुळात लॅटिन ‘फाक्तिकियुस’, म्हणजे केलेलं, घडवलेलं. ‘करणे’ या अर्थाच्या ‘फाकेरे’पासून. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तिथल्या लोकांचे ताईत बघून पोर्तुगीज खलाशांनी त्यांना हाच शब्द लावला, तो फ्रेंचांनी उचलला आणि इंग्रजीत त्याचा ‘फेटिश’ झाला. इटालियन भाषेत ‘फात्तुरा’ म्हणजे करणी, आणि दुकानदाराने दिलेलं बिलही. म्हणजे मढच्या किल्ल्यातला पोर्तुगीज शिपाई आणि खालच्या वाडीतला कोळी यांना एकमेकांची भाषा कळत नसली, तरी एका गोष्टीला दोघांनी एकाच पद्धतीने नाव दिलेलं होतं. जवळच एरंगळला १५७५ चं सेंट बोनाव्हेंचरचं देऊळ आहे. दर जानेवारीत तिथे जत्रा भरते आणि नवस फेडायला सगळ्या धर्मांची माणसं जातात. नवसात कर्ता देव किंवा संत असतो, म्हणून ते श्रद्धेत जमा.

या सगळ्या शब्दांत समान काय आहे? कर्ता. ‘तर्कात न बसणारं’ असं आपण आज म्हणतो तेव्हा गोष्टीत काय नाही ते सांगतो: तर्क नाही, प्रमाण नाही. जुन्या शब्दांना तसलं काही म्हणायचंच नव्हतं. करणी, कृत्या, फेइतिसू या शब्दांचं म्हणणं असं, की हे आपोआप झालेलं नाही, कोणीतरी केलेलं आहे. कारण सापडत नसताना ‘का’ या प्रश्नाच्या जागी भाषेने ‘कोणी’ हा प्रश्न ठेवला.

कोळीवाड्यात या दोन प्रश्नांतला फरक छान दिसतो. या किनाऱ्यावर डोलीची मासेमारी जुनी. डोल म्हणजे निमुळतं होत जाणारं पिशवीसारखं मोठं जाळं. ते प्रवाहाच्या तोंडावर समुद्रात रोवून ठेवायचं आणि पाण्याच्या ओढीने बोंबील, जवळा, कोलीम त्यात येऊ द्यायचं. जाळं माशाच्या मागे जात नाही, मासा पाण्याबरोबर जाळ्यात येतो. म्हणून सगळा हिशेब ओढीचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, ओढ जोराची, डोल भरते. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी सुस्त, डोल रिकामी. तांडेलाला तिथी सांगा, तो भरती किती वाजता लागेल ते घड्याळ न बघता सांगतो. भांगाच्या दिवसांत जाळं रिकामं आलं तर कोणी म्हणत नाही, की करणी झाली. करणारा चंद्र आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण भर उधाणात, शेजारच्या डोली भरत असताना एकाचीच रिकामी यायला लागली, आणि असं आठवडाभर चाललं, तर मग कोणीतरी हळूच म्हणतं, “जाल्यान काय पन लागत नाय, कोनीतरी केलंय.”

ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअँड बेटांवर नेमकं हेच पाहिलं आणि १९२५ च्या एका निबंधात लिहून ठेवलं. बेटाच्या आतल्या शांत खाजणात मासे धरताना तिथले लोक मंत्रतंत्राच्या वाटेला जात नसत, तिथे कसब पुरे होतं. उघड्या समुद्रात, जिथे जिवाला धोका आणि मासळीचा भरवसा नाही, तिथे मात्र पायरीपायरीला मंत्र. म्हणजे माणूस एकीकडे अडाणी आणि दुसरीकडे शहाणा असं नसतं. एकाच माणसाचा हिशेब जिथवर पोचतो तिथवर तो हिशेब करतो. खाजणातल्याला खुळा म्हणायचं की समुद्रातल्याला? दोघेही एकच. आणि कोळ्यालाच का बोलायचं? मढचे बंगले मालिकांच्या आणि सिनेमांच्या चित्रीकरणाला भाड्याने जातात. कॅमेरा, दिवे, विमा, करारपत्रं असा सगळा चोख व्यवहार असतो. पण मुहूर्ताचा नारळ फुटल्याशिवाय पहिला शॉट लागत नाही, कारण चित्रपट चालेल की पडेल हे सांगणारी भरती-ओहोटी अजून कोणाला सापडलेली नाही.

आता पुन्हा गणिताकडे, कारण खरी मजा तिथे आहे. २ च्या वर्गमुळाला करणी का म्हणावं? त्यात काय ‘केलंय’?

याचं उत्तर शुल्बसूत्रांत आहे, म्हणजे यज्ञाच्या वेदी आखण्याच्या नियमांत. शुल्ब म्हणजे दोरी. जमिनीवर खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची आणि चौकोन पाडायचा. ज्या दोरीच्या मापाने चौकोन तयार होतो ती त्या चौकोनाची ‘करणी’, म्हणजे करणारी. ‘रज्जू’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘करणी’ही स्त्रीलिंगी. आता वेदीचं क्षेत्रफळ दुप्पट करायचं असेल तर? मूळ चौकोनाच्या कर्णाएवढी दोरी घ्या आणि तिच्यावर नवा चौकोन पाडा, तो बरोबर दुप्पट होतो. ही दोरी ‘द्विकरणी’: दोन करणारी. तिप्पट करणारी ती ‘त्रिकरणी’. आपल्या भाषेत २ चं आणि ३ चं वर्गमूळ. इथे करणी जादू नाही, संख्याही नाही. ती हातात धरता येणारी, दोन खुंट्यांमध्ये ताणलेली वस्तू आहे.

पण दोरी हातात असली तरी तिचं माप सांगताना पंचाईत होतेच. बाजू एक घेतली तर कर्ण किती? शुल्बकारांचं उत्तर असं: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग आणखी मिळवा, आणि या शेवटच्या तुकड्याचा चौतिसावा भाग वजा करा. हे करून पाहा. ५७७ भागिले ४०८ येतात, म्हणजे १.४१४२१५६. खरी किंमत १.४१४२१३५ पासून पुढे न संपणारी. एक मीटर बाजूच्या चौकोनात चूक मिलिमीटरच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढी. दोरीला आणि ठोकलेल्या खुंटीला एवढी अचूकता पेलणारही नाही. आणि तरी त्यांनी या मापाला नाव दिलं ‘सविशेष’: जराशा फरकाचं. मला या शब्दाचं फार कौतुक वाटतं. उत्तर वापरायला पुरेसं आहे आणि तंतोतंत नाही, या दोन्ही गोष्टी त्याने एका दमात सांगितल्या.

पुढे दोरी गळाली आणि शब्द राहिला. भास्कराचार्यांच्या बीजगणितात (काळ ११५० च्या आसपासचा) ‘करणीषड्विध’ नावाचं प्रकरण आहे: करण्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग आणि वर्गमूळ. मूळचिन्ह तेव्हा नव्हतं. संख्येआधी ‘क’ लिहायचा. क २ म्हणजे २ चं वर्गमूळ, तो ‘क’ करणीचा. चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे मांत्रिकाची सहा कर्मं आणि गणितज्ञाच्या करणीचे सहा प्रकार, दोन्ही एकाच भाषेत शेजारी नांदत होते आणि कोणाचा गोंधळ उडत नव्हता.

युरोपात याच संख्येचं नाव ऐकण्यासारखं आहे. ग्रीकांनी तिला ‘आलोगोस’ म्हटलं. ‘लोगोस’ म्हणजे शब्द, विचार आणि गुणोत्तरही. तेव्हा आलोगोस म्हणजे जिचा उच्चार नाही, जिचा हिशेब नाही ती. अरबांनी भाषांतर केलं ‘असम्म’, बहिरी. अरबीतून लॅटिनात ‘सुर्दुस’ आली, तीही बहिरी, आणि इंग्रजी पुस्तकातला ‘सर्ड’ तिथून निघाला. एकाच कर्णाकडे पाहून तिकडच्यांना न ऐकणारी, न बोलणारी संख्या दिसली. इकडच्यांना चौकोन करणारी दोरी दिसली. यात ‘आपले पूर्वज थोर’ असं म्हणण्यासारखं काही नाही. ग्रीकांना ती भागाकारात बसत नाही हे सिद्ध करायचं होतं, आणि त्यांनी ते केलं. शुल्बकारांना वेदी आखायची होती, त्यांनी ती आखली. पण नावं कशावरून पडतात ते यात दिसतं.

आता कायदा. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली, वर्षानुवर्षं जादूटोणाविरोधी कायद्याचा पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. लोक त्याला अंधश्रद्धाविरोधी कायदा म्हणतात, पण त्याच्या लांबलचक नावात ‘अंधश्रद्धा’ हा शब्दच नाही. नरबळी आहे, अमानुष, अनिष्ट, अघोरी प्रथा आहेत, जादूटोणा आहे, आणि त्यांचं ‘समूळ उच्चाटन’ आहे. मसुदा लिहिणाऱ्याच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे, पण उच्चाटन हे मांत्रिकाच्या षट्कर्मांतलंच एक. जादूटोण्याचा बंदोबस्त करताना कायद्याने मांत्रिकाचाच मंत्र घेतला.

‘अंधश्रद्धा’ नावात नाही हे चांगलंच झालं. तो शब्द नेहमी दुसऱ्याच्या श्रद्धेला लावायचा असतो. ‘ही माझी अंधश्रद्धा आहे’ असं मनापासून म्हणणारा माणूस विरळा. त्यात मनात काय आहे याचा निवाडा आहे, आणि मनातल्या गोष्टीवर खटला भरता येत नाही. कायद्याने तो नाद सोडला. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन यांना हात लावणार नाही असं त्याने स्पष्ट लिहिलं आणि अनुसूचीत कृत्यांची यादी दिली. तिथे आपली करणी भेटते. अमुक व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्राने जनावरांचं दूध आटवते असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणं, हा गुन्हा. जारणमारण, करणी, चेटूक यांच्या नावाखाली कोणाला मारहाण करणं, नग्न धिंड काढणं, हा गुन्हा. कुत्रा, साप, विंचू चावला असताना दवाखान्यात जाऊ न देता गंडेदोरे बांधणं, हाही गुन्हा. दूध आटलेल्या गाईला आपण भाकड म्हणतो आणि तिच्यावरूनच भाकडकथा हा शब्द आहे; कायद्यालाही त्या गाईपर्यंत जावं लागलं.

या यादीत करणीवर विश्वास ठेवण्याला शिक्षा नाही. करणीला कर्ता चिकटवण्याला आहे. ‘कोणीतरी केलंय’ हे अपुरं वाक्य गावात शतकानुशतकं फिरत होतं. ते पुरं करून त्यात एखाद्या विधवेचं, एखाद्या एकट्या म्हातारीचं नाव घातलं, की त्या वाक्याचा गुन्हा होतो. शब्दाच्या इतिहासात जिथे धोका होता, तिथेच कायद्याने बोट ठेवलं आहे.

तेव्हा मढला असो की मालाडला, घरात कोणी ‘करणी झालीय’ म्हणालं तर त्याला अडाणी ठरवून वाद घालू नका, आणि ‘कोणी केली’ असंही विचारू नका. काय झालंय ते विचारा. ताप असेल तर तापाचं बघता येतं, डोल रिकामी असेल तर ओढीचं आणि जाळ्याचं. आणि कोणाचं नाव घेतलं गेलंच असेल, त्या बाईला त्रास सुरू झालाच असेल, तर थांबू नका. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, आणि या कायद्याखाली पोलिसांत दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. तक्रार पोलीस ठाण्यात करायची.